इंग्रजीत गोष्ट लिहायचीय, पण कुठल्या इंग्रजीत?

पत्र: ताई, नमस्कार. मी बार्शीचा, वय २४, दहावीपर्यंत मराठी मीडियम. गेल्या वर्षीपासून इंग्रजीत कथा लिहितोय. एक कथा आजी आणि तिने पाळलेलं मुंगूस यांच्यावर आहे, पहिली दोन पानं सोबत जोडलीत. ग्रामर तपासणाऱ्या ॲपमध्ये टाकली तर पान लालेलाल झालं. पुण्याचा चुलतभाऊ म्हणाला की वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन चालत नाही, 'प्रीपोन' असा शब्दच नाही, आणि ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंगची खिचडी झालीय. लेखकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर एक जण म्हणाला ही एआयने लिहिलीय, कारण लांब डॅश आहेत आणि 'डेल्व्ह' हा शब्द आहे. ताई, शप्पथ, मीच लिहिलीय. आता १५ हजारांचा ॲडव्हान्स ग्रामर कोर्स लावू, का गपचूप मराठीत लिहू? आणि मुंगूसचं इंग्रजी अनेकवचन 'मंगीस' होतं का?
– गोंधळलेला, बार्शी

अरे गोंधळलेल्या,

१५ हजार खिशातच ठेव. तुझी दोन पानं वाचली आणि ॲपने काढलेल्या लाल रेघाही बघितल्या, आणि खरं सांगू का, हसू आलं. 'भाकरी'खाली लाल, 'आत्या'खाली लाल, 'सोयाबीन' पास, आणि जिथे खरोखर घोळ झालाय, म्हणजे दुसऱ्या पानावर आजी विहिरीवर जाते तो पॅरा, तिथे एकही रेघ नाही. त्या पॅऱ्याकडे येतेच, पण आधी भावाचं बघू, कारण असले भाऊ घरोघरी असतात आणि त्यांच्या धाकाने किती जणांचं लिहिणं बंद पडलंय ते माझ्या इनबॉक्सला विचार.

आपल्या डोक्यात एक गोष्ट फिट बसलेली असते की भाषेचे नियम कुठेतरी अधिकृत लिहून ठेवलेले असतात. मराठीत ते आहेतही, साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम केले, सरकारने मान्य केले, पुढे ७२ साली त्यात चारची भर पडून अठरा झाले, आणि शाळेत बाईंनी ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापले ते त्याच जोरावर. मग आपण धरून चालतो की इंग्रजीचंही असंच एखादं महामंडळ लंडनात बसलेलं असणार. नाहीये रे. फ्रेंचांची अकादमी १६३५ पासून आहे, ते बघून जोनाथन स्विफ्ट या लेखकाने १७१२ मध्ये इंग्रजीसाठीही तसंच काहीतरी काढा म्हणून मागणी केली होती, पण झालं काहीच नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ मध्ये भली मोठी डिक्शनरी काढली आणि तिच्या प्रस्तावनेतच कबूल केलं की भाषा एका जागी बांधून ठेवता येत नाही.

मग नियम कोण करतं? तर ज्याची त्याची स्टाइल बुक्स असतात. अमेरिकेत न्यूजवाले बहुतेक असोसिएटेड प्रेसचं म्हणजे एपीचं वापरतात, पुस्तकवाले शिकागो मॅन्युअल, ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डचं वेगळं आणि तिथल्या पेपरांची आपापली वेगळी. आणि हे लोक दर थोड्या वर्षांनी मत बदलतात! एपीने २०११ मध्ये ईमेलमधली आडवी रेघ काढली, २०१४ मध्ये आकड्यांसाठी 'मोअर दॅन'च्या जागी 'ओव्हर'सुद्धा चालेल म्हणाले तर कॉपी एडिटर मंडळींनी आकाशपाताळ एक केलं, २०१६ मध्ये इंटरनेटचा कॅपिटल आय गेला, २०१७ मध्ये एका माणसासाठी 'ही' किंवा 'शी'च्या जागी 'दे' वापरायला मर्यादित परवानगी मिळाली. (हे 'दे' प्रकरण नवीन फॅड आहे असं तुझा भाऊ म्हणेलच, त्याला सांग की ऑक्सफर्ड डिक्शनरीने याचं चौदाव्या शतकातलं उदाहरण दिलंय.) म्हणजे २०१० मध्ये कोर्स करून तू जे 'बरोबर' शिकला असतास त्यातलं बरंच आज एपीच्याच पुस्तकात जुनं झालं असतं.

प्रिपोझिशनचं खूळ तर आणखी मजेदार. जॉन ड्रायडन नावाच्या कवीने १६७२ मध्ये बेन जॉन्सन या नाटककाराच्या (डिक्शनरीवाला तो वेगळा) वाक्यांवर नाक मुरडलं की हा शेवटी प्रिपोझिशन टाकतो. पुढे व्याकरणाच्या पुस्तकांनी ते उचललं, शाळामास्तरांनी त्याचा नियम केला, आणि तो तुझ्या भावापर्यंत पोचला. आणि हे कशासाठी, तर लॅटिनमध्ये तसं होत नाही म्हणून! फेब्रुवारी २०२४ मध्ये मेरियम-वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीवाल्यांनी इन्स्टाग्रामवर सरळ टाकलं की वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन चालतं, तर खाली लोक हमरीतुमरीवर आले, साडेतीनशे वर्षांनंतरही. तुझी आजी 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' असं विचारते ते अगदी बरोबर आहे. भावाच्या नियमाने 'ॲट व्हॉट आर यू लुकिंग?' केलंस तर आजी एकदम हायकोर्टातली वाटेल. 'टू बोल्डली गो' टाइपचं स्प्लिट इन्फिनिटिव्ह म्हणजे 'टू' आणि क्रियापदाच्या मध्ये शब्द घुसवणं, 'अँड' किंवा 'बट'ने वाक्य सुरू करणं, हे सगळं त्याच पोत्यातलं, सोडून दे.

'प्रीपोन'बद्दल भावाला हे ऐकव: हा शब्द ऑक्सफर्ड डिक्शनरीत आहे, आणि आज तो आपल्या इंग्रजीचा मानला जातो, पण 'अलीकडे आणणे' या अर्थाचा त्यांना सापडलेला पहिला वापर १९१३ सालचा, न्यूयॉर्क टाइम्सला आलेल्या एका वाचकाच्या पत्रातला आहे. तरीही तुझ्या कथेत तो निवेदकाच्या तोंडी ठेवायचा का हे तुझं तू बघ, कारण परदेशी वाचक तिथे अडखळेल हे खरंय. संवादात तर बिनधास्त ठेव, लग्न 'प्रीपोन' करा असं म्हणणारा मामा मला पहिल्या वाक्यातच दिसला.

आता जे खरंच चुकलंय ते. इथे मात्र कान उघडे ठेव, कारण हे ना भावाने सांगितलं ना ॲपने.

पहिलं म्हणजे काळ. मराठीत आपण गोष्ट सांगताना भूतकाळातून वर्तमानात उडी मारतो, परत येतो, कुणाला काही वाटत नाही. 'आजी विहिरीवर गेली, बघते तर काय, मुंगूस काठावर बसलेलं, आजीने हाक मारली, ते ढुंकून बघत नाही', किती छान वाटतं कानाला! तुझ्या विहिरीच्या पॅऱ्यात तू हेच इंग्रजीत केलंयस, 'वेंट', मग 'सीज', मग 'कॉल्ड', मग 'डझ नॉट लुक'. इंग्रजीत तोंडी किस्सा सांगताना लोक असं करतात, पण छापलेल्या कथेत विनाकारण झालं तर एडिटर तिथेच थांबतो. एक काळ पकड, मुद्दाम बदलायचा असेल तर नवा पॅरा करून बदल.

दुसरं, आणि हे तर अस्सल आपलं. तू लिहिलंयस, 'आजी सेड दॅट आय वोन्ट ईट.' तुला म्हणायचंय की आजी म्हणाली की मी जेवणार नाही, म्हणजे आजी जेवणार नाही. पण इंग्रजी वाचकाला कळतं की आजीच्या मते गोष्ट सांगणारा पोरगा जेवणार नाही! आपल्याकडे 'की' लावून माणसाचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात, इंग्रजीत 'दॅट' आलं की 'आय'चं 'शी' होतं आणि 'वोन्ट'चं 'वुडन्ट'. नाहीतर 'दॅट' काढ, अवतरणचिन्हं टाक, आजीला स्वतः बोलू दे. मी तर हेच सुचवेन, तुझी आजी बोलते तेव्हा कथा जागी होते. आणि हो, 'सेड' पुरतं रे. 'एक्सक्लेम्ड', 'ओपाइन्ड', 'रिटॉर्टेड' असं दर ओळीला बदलत बसायची शिकवण निबंधाच्या गाइडमधून आलेली दिसतेय, कथेत वाचकाचं 'सेड'कडे लक्षही जात नाही आणि तेच हवंय.

तिसरं, 'अ' आणि 'द'. मराठीत आर्टिकल नाहीत त्यामुळे हे आयुष्यभर थोडं सतावणार, मलाही हस्तलिखितं तपासताना सगळ्यात जास्त पेन्सिल इथेच झिजवावी लागते. पण घोकंपट्टी करू नकोस, दर वेळी एवढंच विचार की वाचकाला माहितीये का मी कुठल्याबद्दल बोलतोय. माहीत असेल तर 'द', नसेल तर 'अ'. तू कथेच्या पहिल्याच ओळीत 'द मंगूस' लिहिलंयस, मुद्दाम लिहिलंस की चुकून मला माहीत नाही, पण ते झकास आहे, कारण वाचकाला वाटतं हे मुंगूस या घरात आधीपासूनच आहे, आपणच उशिरा आलो. ते अजिबात बदलू नकोस. तीन अक्षरांच्या या 'द'ची ताकद बघायची असेल तर जानेवारी २०२३ मधला किस्सा ऐक. एपीने ट्विट केलं की माणसांच्या गटाला सरसकट 'द' लावून बोलू नका, माणुसकी हरवते, आणि 'द पुअर', 'द मेंटली इल' अशा उदाहरणांच्या रांगेत 'द फ्रेंच' पण टाकलं! झालं, जगभर हसू, आणि अमेरिकेतल्या फ्रेंच दूतावासाने ट्विटरवर आपलं नाव गमतीत 'एम्बसी ऑफ फ्रेंचनेस' करून टाकलं. एपीला ट्विट डिलीट करावं लागलं.

'ओन्ली' बद्दल एकच वाक्य: तो आपला 'च' आहे, 'शी वॉज देअर ओन्ली' म्हणजे 'ती तिथेच होती', आजीच्या तोंडी ठेव, निवेदकाच्या तोंडून काढ. 'लिव्हिंग हिअर सिन्स फोर्टी इयर्स'चंही तेच.

कॉमाबद्दल तू विचारलं नाहीस पण सांगते, कारण तुझे कॉमे पावसासारखे आहेत, कधी पडतात कधी नाही. यादीत शेवटच्या 'अँड'च्या आधीचा जो कॉमा असतो त्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात, शिकागोवाले तो टाका म्हणतात, एपी म्हणतं शक्यतो नको, बरेच ब्रिटिश पेपरही टाकत नाहीत. कुणी म्हणेल एवढ्याशा टिंबाचं काय घेऊन बसलीस, तर अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट नावाच्या डेअरीला हे टिंब चांगलंच महागात पडलं. तिथल्या कायद्यात कुठल्या कामाला ओव्हरटाइम द्यायचा नाही त्याची यादी होती, आणि तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असं होतं, 'ऑर'च्या आधी कॉमा नाही. डेअरी म्हणाली डिस्ट्रिब्यूशन हे वेगळं काम आहे, म्हणजे दूध पोचवणाऱ्या ड्रायव्हरांना ओव्हरटाइम नाही. ड्रायव्हर म्हणाले छे, इथे फक्त पॅकिंग आहे, मग ते शिपमेंटसाठी असो की डिस्ट्रिब्यूशनसाठी, आणि आम्ही पॅकिंग करतच नाही. २०१७ मध्ये अपील कोर्टाने वाक्य संदिग्ध आहे म्हणून ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला, पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. आणि मेनच्या विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला तो कॉमा टाकून नाही, सगळीकडे सेमीकोलन टाकून! तू काय करायचंस, तर टाकायचा किंवा नाही टाकायचा, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच.

ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंगचंही उत्तर तेच आहे, एक निवड. जिथे पाठवणार आहेस त्या मासिकाचं बघ, भारतात किंवा लंडनला पाठवत असशील तर ब्रिटिश, न्यूयॉर्कला तर अमेरिकन, आणि बहुतेक मासिकं दोन्ही घेतात, फक्त खिचडी नको, तिथे भाऊ बरोबर होता, त्याला तेवढं श्रेय दे. वर्डमध्ये भाषा एकदा सेट केलीस की निम्मं काम होतं. पण 'रियलाइझ' झेडने लिहिलं म्हणजे लगेच अमेरिकन असं समजू नकोस, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची स्वतःची स्टाइल झेडचीच आहे. 'कलर'मधला यू काढणं वगैरे मात्र नोआ वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीकाराची कृपा, त्याने १८०६ आणि १८२८ च्या डिक्शनऱ्यांमधून ते रुजवलं, 'टंग'चं सुटसुटीत स्पेलिंगही सुचवलं होतं, ते बिचारं कुणी घेतलं नाही. आणि अवतरणचिन्हं बघ, अमेरिकन बाहेरून दुहेरी आणि कॉमा आत, ब्रिटिश पुस्तकांत बहुधा एकेरी. तुझ्या पहिल्या पानावर दोन्ही प्रकार आहेत.

एआयच्या आरोपाने तुला सगळ्यात जास्त लागलंय हे कळलं. एक तर तो माणूस पहिला नाही. एप्रिल २०२४ मध्ये पॉल ग्रॅहम नावाच्या बड्या अमेरिकन इन्व्हेस्टरने लिहिलं की मला आलेल्या ईमेलमध्ये 'डेल्व्ह' होतं, म्हणजे सूर असा की हे चॅटजीपीटीचं काम. त्यावर नायजेरियातले आणि आपल्याकडचे लोक तुटून पडले, की बाबा आम्हाला शाळेत हेच इंग्रजी शिकवलंय, तुम्हाला जड वाटतं तो तुमचा प्रश्न. त्यांचं बरोबरच होतं. डॅशचं तर विचारूच नको, अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनच्या कविता डॅशने भरलेल्या आहेत, आणि ती १८८६ मध्येच गेली. डॅश किंवा एखादा शब्द बघून कुणी एआय ओळखत असेल तर तो ज्योतिष सांगतोय.

पण तुझ्या बाजूने एवढं बोलल्यावर हेही सांगते की 'डेल्व्ह' काढ. एआयसाठी नाही, तर निवेदक बारा वर्षांचा पोरगा आहे आणि बारा वर्षांचा पोरगा मुंगसाच्या बिळात 'डेल्व्ह' करत नाही, तो उकरतो, 'डिग' लिही. तुझी सगळी जड इंग्रजी मला अशाच जागी सापडली, जिथे तुला भीती वाटली की साधा शब्द गावठी दिसेल.

आणि एडिटर लोक एवढे का पिसाळलेत तेही समजून घे. क्लार्क्सवर्ल्ड हे सायन्स फिक्शनचं नावाजलेलं अमेरिकन मासिक, नव्या लेखकांना दार उघडं ठेवणारं, त्यांच्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये एआयने पाडलेल्या कथांचा एवढा पूर आला की त्यांनी काही काळ कथा घेणंच बंद केलं. तेव्हापासून कित्येक मासिकांच्या नियमात एआय चालणार नाही असं स्पष्ट असतं, आणि इथे तुझं ॲप आडवं येतं बघ. स्पेलिंगची लाल रेघ वेगळी आणि 'हे वाक्य सुधारून देऊ का' हे बटण वेगळं. ते दुसरं बटण दाबलंस की वाक्य तुझं राहत नाही, आणि मासिकाने फॉर्ममध्ये विचारलं तर तुला खरं सांगावं लागेल. ते बटण बंदच कर. कच्चे ड्राफ्ट तारखेसकट ठेव, वहीत लिहिलं असशील तर वही रद्दीत देऊ नकोस. ग्रुपवरच्या त्या माणसाला मात्र पुरावे देत बसू नकोस, त्याला तू काही देणं लागत नाहीस.

मराठीत लिहू का, हा प्रश्न तू असा विचारलायस जणू मराठी म्हणजे नापास झालेल्यांची तुकडी. असं नको रे. अरुण कोलटकरांनी दोन्ही भाषांत कविता केल्या, 'जेजुरी' इंग्रजीत लिहून १९७७ चं कॉमनवेल्थ पोएट्री प्राइज घेतलं. किरण नगरकरांची पहिली कादंबरी मराठी, 'सात सक्कं त्रेचाळीस', नंतर ते इंग्रजीकडे गेले. दोघांनी कुणाची परवानगी मागितली नाही. जी गोष्ट ज्या भाषेत येते तिच्यात लिही, मला तुझी आजीची गोष्ट इंग्रजीत चालेलशी वाटते कारण सांगणारा पोरगा इंग्लिश मीडियममध्ये नव्याने टाकलेला आहे आणि त्याचं अडखळणं हाच कथेचा अर्धा रस आहे.

म्हणूनच एक विनंती, 'भाकरी', 'आत्या', 'गोठा' हे शब्द तिरप्या अक्षरात टाकून पुढे कॉमा देऊन अर्थ सांगत बसू नकोस. पूर्वी एडिटर तसं मागायचे, आता बरेच मागत नाहीत. २०२५ चं इंटरनॅशनल बुकर पारितोषिक बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प' या कन्नड कथासंग्रहाला मिळालं, कथासंग्रहाला ते पहिल्यांदाच मिळालं, आणि अनुवादक दीपा भास्ती यांनी त्यात ना इटालिक्स वापरले ना तळटीपा. बक्षिसाचे ५० हजार पौंड दोघींनी अर्धे अर्धे घेतले, आणि सीमेपलीकडच्या स्वयंपाकघरातले शब्द परदेशी वाचकांनी तसेच वाचले. तुझी 'भाकरी' त्यांना पचेल.

मुंगूसचं अनेकवचन 'मंगूसेस'. 'गूस'चं 'गीस' होतं कारण तो जुना इंग्रजी शब्द आहे, मुंगूस सतराव्या शतकाच्या शेवटी आपल्याकडून तिकडे गेलं, डिक्शनऱ्या मूळ म्हणून मराठीच दाखवतात, स्पेलिंगमध्ये 'गूस' दिसतो तो नुसता ऐकण्यातला सारखेपणा. ॲपने 'मंगूसेस'वर रेघ मारली तरी ढिम्म राहा.

आता काम: विहिरीचा पॅरा एका काळात आण, आजीच्या तोंडचे 'दॅट' काढून टाक, स्पेलिंग एक कर, आणि मग कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घे, तुझ्याकडून नाही, दुसऱ्याकडून, तो जिथे अडखळेल तिथे खूण कर. पाठवायच्या आधी मासिकाचे नियम शेवटपर्यंत वाच, शब्दमर्यादा बघ. कथा छापायचे पैसे मागणारं कुणी भेटलं तर तिथून निघ. आणि कव्हर लेटरमध्ये 'रिस्पेक्टेड सर' आणि 'काइंडली डू द नीडफुल' नको, एडिटर बाई असू शकते. 'डिअर एडिटर', कथेचं नाव, शब्द किती, थँक यू, तुझं नाव. संपलं.

– ताई